पानाची दुसरी बाजू

गेल्या उन्हाळ्यात घरामागच्या पाच गुंठ्यांत मी वांगी लावली होती. शेंडा व फळ पोखरणारी अळी पडली, म्हणून दुकानातून पायरेथ्रॉइड गटातले औषध आणून तीनदा फवारले. अळी हटली, पण पंधरा दिवसांत पाने ठिपकेदार, फिकट होऊन वाळू लागली. बांधापलीकडचे आप्पा आले. घरी कानडी, आमच्याशी मराठी. त्यांनी एक पान उलटे केले.

"सर, खालनं बघितला नाही काय? कोळी आलाय की ओ."

पानाखाली बारीक जाळे आणि त्यात हलणारे ठिपके. लाल कोळी हा कीटक नव्हे. आठ पायांचा, अर्ध्या मिलिमीटरएवढा, पानातला रस शोषणारा जीव. कोरड्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्याची पिढी पुरी होते. त्याला खाणारे भक्षक कोळी आणि छोटे भुंगेरेही त्याच पानावर राहतात. माझ्या औषधाने हे राखणदार मेले आणि चोर तगला. १९५६ साली अमेरिकेच्या पश्चिमेकडील जंगलांत अळीसाठी डी.डी.टी. फवारल्यावर पुढच्या उन्हाळ्यात हेच घडले. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये ते नोंदवले आहे.

माझे नुकसान माझ्या कर्माचे. पण कोळी धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर जातो. पुढे आप्पांची भेंडी पिवळी पडली. त्यांचे घर त्या भेंडीवर चालते; माझे वांग्यांवर चालत नाही. कोळी माझ्याच वाफ्यातून गेला, हे सिद्ध करता येणार नाही. या सबबीचा आधार घ्यायचा मोह मला झाला, हे कबूल करतो.

न जाणता घडलेल्या कृत्याचा दोष लागतो का? हेतू शुद्ध होता, असे आपण म्हणतो. पण "सर, प्रश्न नीट वाचलाच नाही" म्हणणाऱ्या मुलाला मी गुण देत नाही. कळणे शक्यच नव्हते, ही एक गोष्ट. पाहता येत असून पाहिले नाही, ही दुसरी. पहिलीला क्षमा आहे, दुसरी हयगय आहे. सगळे कुणालाच कळत नाही, हे खरे. पण आपले कृत्य बांध ओलांडून जाणारे असेल, तर पाहण्याची जबाबदारीही तितकीच वाढते. आणि पान उलटायला एम.ए. व्हावे लागत नाही.

आप्पांना भरपाई देऊ केली. त्यांनी घेतली नाही. मग आम्ही दोघांनी दोन्हीकडची रोगट पाने खुडून जाळली, पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला, झाडांना पाण्याचा ताण पडू दिला नाही. उरलेल्या कोळ्यावर ऊन उतरल्यावर पाण्यात मिसळणारे गंधक मारले. निम्मी भेंडी वाचली.

उरलेल्या निम्म्याचे काय? पैसे घेतले असते, तर हिशेब मिटला, असे मी समजलो असतो. आप्पांनी तो मिटू दिला नाही. आता रोज सकाळी आधी त्यांच्या बांधावर जातो, चार पाने उलटून पाहतो, आणि मगच माझ्या वाफ्याकडे वळतो.