दोघी बहिणी, दोन उत्तरें
(योहान 11:17-35)



बेथानी गांवीं लाजारस मरण पावला, त्यास कबरेंत ठेवून चार दिवस झाले, आणि मग प्रभु तेथें आला. मार्था ही उठून वाटेवरच त्यास भेटली. मरीया घरांत बसून राहिली व मागाहून आली. हा अध्याय लक्षपूर्वक वाचणारास आढळेल कीं, दोघींनीं प्रभूस म्हटलेलें पहिलें वाक्य एकच आहे: तो वेळेवर आला असता तर भाऊ वांचला असता. दुःख एक, तक्रार एक, पण उत्तरें दोन. मार्थेशीं प्रभु बोलला, तिला पुनरुत्थानाविषयीं शिकविलें, आणि तिचा विश्वास आहे काय, असें विचारलें. मरीया पायां पडून रडूं लागली, तेव्हां त्यानें तिला कांहींच शिकविलें नाहीं. कबर कोठें आहे एवढें विचारून तो स्वतः रडला.

एकीवर त्याची प्रीति अधिक होती असें नव्हे. ती दोघींवर होती, हें त्याच अध्यायांत लिहिलें आहे. आम्हांस असें वाटतें कीं, मार्थेच्या मनास धरावयाला वचन पाहिजे होतें, आणि मरीयेस सोबत पाहिजे होती. प्रभूनें दोघींस ओळखलें होतें.

पौलानेंहि थेस्सलनीका येथील मंडळीस हेंच शिकविलें (1 थेस्सल. 5:14). बेशिस्तास ताकीद, खचलेल्यास धीर, दुबळ्यास आधार, आणि सहनशीलता मात्र सर्वांशीं, असा त्याच्या सांगण्याचा भाव आहे. ताकीद खचलेल्यास दिली तर तो मोडतो. धीर बेशिस्तास दिला तर तो अधिकच बिघडतो.

इ. स. 590 मध्यें रोमचा बिशप झालेला ग्रेगरी ह्यानें पाळकांकरितां एक पुस्तक लिहिलें. त्याच्या तिसऱ्या भागांत त्यानें श्रोत्यांच्या तीसांहून अधिक जोड्या दिल्या आहेत: आनंदी व उदास, उतावळे व आळशी, धीट व लाजाळू, अशा. धिटास कठोर शब्दांनीं आवरावें, लाजाळूस सौम्य शब्दांनीं पुढें आणावें, असें तो शिकवितो. शिक्षण सर्वांस एकच, पण बोध करण्याची रीत निराळी, हें त्याचें सूत्र. सुमारें 300 वर्षांनीं इंग्लंडचा राजा आल्फ्रेड ह्यानें तें पुस्तक आपल्या लोकांच्या भाषेंत आणून बिशपांकडे पाठविलें.

आपणां शेतकऱ्यांस हें नवें नाहीं. एक बैल नुसत्या हाकेनें चालतो, दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवावा लागतो. बैलाविषयीं जें आपण जाणतों, तें भावाविषयीं कां विसरतों?

आम्ही विसरलों, तें येथें कबूल करितों. एका खेड्यांत दोघे सख्खे भाऊ उपासनेस येईनासे झाले. एका रविवारीं दोघे आले असतां आम्हीं सर्व मंडळीसमोर एकाच शब्दांत दोघांची कानउघाडणी केली. थोरला हट्टी, तो संतापला, भांडला, आणि पुढच्या रविवारीं पहिल्या रांगेंत येऊन बसला. आम्ही मनांत संतोष पावलों. धाकटा लाजाळू, त्यानें मान खालीं घातली, आणि तो पुन्हां आला नाहीं. पुष्कळ दिवसांनीं त्याच्या आईकडून कळलें कीं, मंडळींतील एकाचें देणें त्याच्यानें फिटत नव्हतें, व त्या गृहस्थासमोर बसण्याची त्यास लाज वाटे. आणि त्याच गृहस्थाच्या देखत आम्हीं त्यास खालीं पाहावयास लाविलें होतें! आम्ही त्याच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. तो अजून उपासनेस आलेला नाहीं; परंतु आम्ही गेलों म्हणजे दार उघडतो व बसावयास घोंगडी टाकतो. आम्ही जात राहूं.

येथें दोन गोष्टींची सावधगिरी ठेवावी. स्वभाव ओळखणें म्हणजे गोड बोलून आपलें काम साधणें नव्हे. तसें करणारा भावाची सेवा करीत नाहीं, त्यास वापरतो. दुसरें, कोणावरहि कायमचा शिक्का मारूं नये. प्राचीन ग्रीक वैद्य शरीरांतील रसांवरून माणसांचे चार प्रकार ठरवीत. ती वैद्यकी आतां मागें पडली. हल्लीं प्रश्नांचीं उत्तरें लिहून घेऊनहि माणसांचे प्रकार पाडतात. परंतु पेत्र कोणत्या प्रकारांत घालावा? जो मरावयास सिद्ध आहें असें म्हणाला, तोच एका दासीच्या प्रश्नानें भ्याला. आणि त्याच भित्र्यास प्रभूनें आपलीं मेंढरें सोंपविलीं.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, ह्या आठवड्यांत जो भाऊ दूर गेला आहे त्याच्या घरीं जा. प्रथम बोलूं नका, ऐका. त्यास वचन पाहिजे कीं सोबत पाहिजे, हें त्याच्याच तोंडून कळेल. ताकीद देणें असेल तर एकांतीं द्या. आणि शब्द सुचले नाहींत तर लाजूं नका. बेथानीस प्रभूहि मरीयेजवळ उभा राहून रडला.