आधी तोल सावरू द्या

भारतीय लष्कराची ६१ कॅव्हलरी १९५३ साली संस्थानांच्या घोडदळांतून उभी राहिली. जयपूर हे तिचं ठाणं. घोडं फौजेतलं असो वा घरचं, दौडीआधी त्याला स्वार बसेपर्यंत उभं राहायला शिकवावं लागतं. रिकिबीत पाय पडला की सगळा भार एका अंगाला येतो, खोगीर ओढलं जातं आणि तोल सांभाळायला घोडं पाऊल टाकतं. त्याला खोडकर ठरवून चाबूक दाखवू नये. चारही पाय नीट टेकू द्यावेत, लगाम न खेचता हलकेच बसावं, मानेवर थाप द्यावी. मग जरा थांबून टाच द्यावी. बसताक्षणी पिटाळलं, तर ते घाईच शिकतं. हाताखालच्या माणसांचंही तसंच. आज कुणावर नवी जबाबदारी टाकाल, तेव्हा त्याला आधी तोल सावरू द्या.