सहीचा साक्षीदार

अब्बांच्या लोखंडी पेटीत एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. अब्बा एस.टी.त कंडक्टर होते आणि गाण्याचे वेडे होते. मिरज-सांगलीकडे कुठेही संगीताचा कार्यक्रम असला, की ड्युटी संपवून खाकी कपड्यांनिशीच तिथे हजर होत आणि कार्यक्रम संपल्यावर ही वही पुढे करीत. वहीत एकूण चौदा सह्या होत्या. त्यांतली एक फार मोठ्या पार्श्वगायकाची. ती कशी मिळाली याची हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्येक वेळी तिच्यात थोडा फरक पडे. कधी पेन अब्बांचे असे, कधी गायकाने स्वतःच्या खिशातून काढलेले असे. अम्मी हसून म्हणे, "पुढच्या वेळी शाईचा रंगही बदलेल."

अब्बा गेले. पुढे २०१४ साली अम्मीचे हृदयाचे ऑपरेशन करावे लागले आणि घरावर कर्ज झाले. भाईजानला वहीची आठवण झाली. मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात आम्ही दोघे ती घेऊन गेलो. दुकानदाराने भिंग लावून सही पाहिली, पान दिव्यासमोर धरले, मागच्या बाजूने बोट फिरवून पेनाचा दाब तपासला. म्हणाला, "कागद जुना आहे, शाई जुनी आहे. सहीही बरोबर दिसते." मग त्याने विचारले, "सही होताना तुमच्यापैकी कोणी पाहिली?" आम्ही नाही म्हणालो. आम्ही तेव्हा लहान होतो, घरी होतो.

दुकानदाराने एक छापील कागद पुढे सरकवला. 'सदर सही आमच्या समक्ष करण्यात आली' असा मजकूर आणि खाली नाव, पत्ता, सहीसाठी जागा. या कागदासह वहीची किंमत तिप्पट होणार होती. कागदाशिवाय ते नुसते जुने पान. आम्ही घुटमळलो तसा तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही मास्तर आहात, तुमच्या सहीला वजन आहे. आणि यात खोटे काय? सही खरी असेल तर हा कागदही खराच की."

या एका वाक्याने आम्हाला नंतर बरीच वर्षे स्वस्थ बसू दिले नाही. खऱ्या वस्तूसाठी खोटी साक्ष दिली, तर नेमके कुणाचे नुकसान होते? घेणाऱ्याला खरी सही मिळते, विकणाऱ्याला दाम मिळतो, अम्मीचे कर्ज फिटते. मग अडते कुठे?

आधी पाहू, की सही विकली जाते तेव्हा विकले काय जाते. शाई नव्हे, कागदही नव्हे. तीच अक्षरे छापखान्यात हजारांनी छापता येतात आणि त्यांना कुणी विचारीत नाही. विकली जाते ती एक घटना. अमुक माणसाचा हात या कागदावरून फिरला, एवढीच ती घटना. ती घडून गेलेली असते आणि घेणारा तिथे नसतो. कापड हाताला लावून पाहता येते, आंबा हुंगून पाहता येतो. घडून गेलेली घटना हुंगता येत नाही. म्हणून सहीचा ग्राहक खरे तर साक्ष विकत घेत असतो. साक्ष काढून घेतली की हातात उरतो तो कागदाचा तुकडा.

हा व्यापार अमेरिकेत फार मोठा आहे. बेसबॉलचे चेंडू, खेळाडूंच्या टोप्या, नटनट्यांची छायाचित्रे यांवरील सह्यांची तिथे रीतसर बाजारपेठ आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एफ.बी.आय.ने 'ऑपरेशन बुलपेन' या नावाने सॅन डिएगो परिसरात तपास केला, तेव्हा खोट्या सह्यांचा एक कारखानाच उघडकीस आला. त्या मालात चक्क मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही होते! कोलकात्याच्या झोपडपट्टीत आयुष्य वेचलेल्या बाई बेसबॉलवर कधी आणि कशाला सही करतील, हा प्रश्न घेणाऱ्याला पडू नये? पण तो पडत नाही. ज्याला वस्तू हवीच असते, तो स्वतःच आपल्या शंकेचे तोंड दाबतो. शिवाय अशा मालासोबत 'अस्सल असल्याचे प्रमाणपत्र' असे, आणि सही जितकी बनावट तितकेच ते प्रमाणपत्रही बनावट असे.

कॅलिफोर्निया राज्याने खेळाडूंच्या सह्यांपुरता कायदा १९९२ मध्येच केला होता. 'स्टार वॉर्स' चित्रपटांतील नट मार्क हॅमिल यांच्या नावाच्या खोट्या सह्या पुढे इतक्या बोकाळल्या, की चाहत्यांनी पाठवलेली छायाचित्रे पाहून 'ही माझी, ही माझी नव्हे' असे ते स्वतःच सांगू लागले. २०१६ मध्ये या कायद्याची व्याप्ती वाढवण्यात आली. पाच डॉलर वा त्याहून अधिक किमतीची सही केलेली कोणतीही वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याने प्रमाणपत्र द्यावे. सही आपल्या समक्ष झाली काय, झाली असल्यास कुठे, कोणत्या दिवशी आणि कोणत्या साक्षीदारासमोर, हे त्यात नमूद करावे. वस्तू दुसऱ्याकडून घेतली असेल तर तेही लिहावे. प्रमाणपत्राची प्रत सात वर्षे जपावी. यात कसूर करणाऱ्याला प्रत्यक्ष नुकसानीच्या दहापटीपर्यंत दंड ठेवला होता.

मसुदा चांगला होता, पण त्याचा फटका भलत्यालाच बसला. सॅन फ्रान्सिस्कोजवळ 'बुक पॅसेज' नावाचे पुस्तकांचे दुकान आहे. तिथे वर्षाला शेकडो लेखक येतात, बोलतात आणि वाचकांना पुस्तकावर सही करून देतात. आता अशा प्रत्येक पुस्तकासाठी प्रमाणपत्र भरायचे आणि ते सात वर्षे सांभाळायचे, म्हणजे दुकान चालवायचे की दफ्तर? दुकानाचे एक मालक बिल पेट्रोसेली २०१७ मध्ये न्यायालयात गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा दुरुस्त झाला, किमतीची मर्यादा पन्नास डॉलरवर गेली आणि पुस्तके वगळली गेली. चोराला धरण्यासाठी विणलेले जाळे फार बारीक असेल तर आधी त्यात साव अडकतो. चोर मग दुसरी वाट शोधतो.

पण पुस्तके वगळली गेल्यावर पाचच वर्षांनी, २०२२ मध्ये, जे घडले ते पाहण्यासारखे आहे. बॉब डिलन हे नोबेल मिळालेले गायक-कवी. त्यांच्या नव्या पुस्तकाच्या नऊशे प्रती 'लेखकाने स्वहस्ते सही केलेल्या' म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. सोबत प्रकाशकाचे हमीपत्र होते. ग्राहकांनी आपापल्या प्रतींचे फोटो एकमेकांना दाखवले, तेव्हा सह्या हुबेहूब सारख्या निघाल्या. माणसाचा हात दोनदा सारखी सही करीत नाही. 'ऑटोपेन' हे यंत्र करते. त्यात खरे पेन असते, खरी शाई असते, फक्त हात नसतो. प्रकाशकाने पैसे परत केले. डिलन यांनी भोवळीच्या आजाराचे कारण देऊन चूक झाल्याचे मान्य केले.

इथे खोटी सही करणारा कुणी भामटा नव्हता. सही डिलन यांची, संमती डिलन यांची. कायद्याच्या व्यवहारात अशी सही चालूनही जाते. २०११ च्या मे महिन्यात बराक ओबामा फ्रान्समध्ये असताना त्यांच्या आदेशावरून ऑटोपेनने एका विधेयकावर सही झाली आणि त्याचा कायदा झाला. राज्यकारभाराला संमती पुरते. पण चाहत्याने ५९९ डॉलर संमतीसाठी मोजले नव्हते. त्याने ते हातासाठी मोजले होते. म्हणजे फसवणूक सहीत नव्हती, ती हमीपत्रात होती. 'या सह्या यंत्राने केल्या आहेत' असे एक वाक्य छापले असते, तर किंमत उतरली असती, पण कुणी फसले नसते.

आपल्याकडे सह्यांच्या वस्तूंसाठी वेगळा कायदा नाही. आहे तो सर्वसाधारण ग्राहक संरक्षण कायदा, आधी १९८६ चा आणि २० जुलै २०२० पासून २०१९ चा. खरी नसलेली वस्तू खरी म्हणून विकली तर ती त्याच्या व्याख्येत बनावट मालच ठरते आणि खोटे वर्णन करून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दुकानदार दिल्लीचा असला तरी ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार नेता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. आणि पुन्हा विकून नफा कमावण्यासाठी जो घेतो, त्याला या कायद्यात 'ग्राहक' म्हणत नाहीत. म्हणून पावती घ्यावी आणि तिच्यावर 'अमुकाची मूळ सही' असे शब्द लिहून मागावेत. जो हे शब्द लिहायला कचरतो, त्याचे उत्तर तिथेच मिळालेले असते.

पण हा कायदा व्यापाऱ्याला बांधतो. घरातली एखादी वस्तू विकायला निघालेला आमच्यासारखा माणूस व्यापारी नसतो. त्याच्यासाठी १८७२ चा करार कायदा आहे. त्याचे अठरावे कलम आम्ही पुढे एका वकील मित्राकडून समजून घेतले आणि आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे सापडले. एखादी गोष्ट खरी आहे असे मनापासून वाटत असूनही, जवळच्या माहितीत तसा आधार नसताना ती ठासून सांगितली आणि ती खोटी निघाली, तर ते चुकीचे निवेदन ठरते आणि समोरच्याला करार मोडता येतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने इतके बारकाईने पाहिले होते! 'मला खरे वाटले' हा बचाव पुरत नाही. 'तुला कसे कळले?' हा खरा प्रश्न आहे.

उरलेले अर्धे उत्तर कायद्यात नाही, कारण आमची सही खरी निघाली असती तर कायद्याने आमच्याकडे पाहिलेही नसते. इथे लहानपणी मकतबमध्ये ऐकलेली मदीनेच्या बाजारातली हकीकत आठवते. धान्याच्या राशीत पैगंबरांनी हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले, की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? धान्य भिजणे हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता, पाऊस त्याने पाडला नव्हता. भिजलेला भाग खाली ठेवणे हा गुन्हा होता.

आमच्या वहीतही एक ओल होती. सही होताना आम्ही तिथे नव्हतो, अब्बांची हकीकत दर वेळी बदलत असे, आणि ती तपासायला अब्बा आता नव्हते. दुकानदाराचा कागद ही ओल खाली दाबत होता. सही खरी निघाली असती तरी घेणाऱ्याला एक गोष्ट खोटीच मिळाली असती. आमची साक्ष. आणि तो दाम मोजणार होता तो नेमका त्या साक्षीचा.

आम्ही तो कागद परत सरकवला. घरी येऊन एका साध्या कागदावर लिहिले, की ही वही आमच्या वडिलांची, ते कंडक्टर होते, ही सही सांगलीच्या कार्यक्रमानंतर घेतली असे ते सांगत, पेन कुणाचे याबद्दल ते निरनिराळे सांगत, आम्ही सही होताना पाहिलेली नाही. खाली नाव, तारीख आणि आमची सही. तो कागद पाहून दुकानदार हसला आणि त्याने वही परत दिली. पुढे सहा महिन्यांनी एका वयस्कर संगीतप्रेमी गृहस्थांनी ती घेतली. त्यांनी पान नुसते चाळले, पण आमचा कागद दोनदा वाचला. "पेनाची गोष्ट लिहिलीत हे चांगले केलेत," एवढेच म्हणाले. रक्कम दुकानदाराने सांगितलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होती.

मग आम्ही योग्य केले, असे म्हणून हात झटकावेत काय? तेवढे सोपे नाही. उरलेले कर्ज आमच्या मास्तरकीच्या पगारातून फिटण्यासारखे नव्हते. ते भाईजानने फेडले, अडीच वर्षे, रात्रपाळ्या करून. त्याने कधी जाहीर तक्रार केली नाही. एका ईदला मात्र जेवणानंतर तो सहज बोलून गेला, "इमान तुझं होतं, हप्ते माझे होते."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. एवढेच कळते, की सचोटीची किंमत प्रत्येक वेळी सचोटी बाळगणाराच मोजतो असे नाही. कधी ती त्याच्या शेजारी बसलेल्याला मोजावी लागते, आणि त्या हप्त्यांच्या पावतीवर सही मात्र कुणाचीच नसते.