गंज आणि प्रत्यवाय

पूर्वमीमांसेच्या आचार्यांनी विहित कर्मांची नित्य, नैमित्तिक आणि काम्य अशी जी विभागणी केली, तिच्यातील नित्यकर्माची कल्पना आजच्या सुशिक्षिताच्या बुद्धीला सर्वांत अवघड जाते. कारण जे केल्याने कोणतेही नवे फल पदरात पडत नाही, पण जे न केल्याने मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो, असे कर्म कोणत्या न्यायाने माणसावर लादले गेले, हे त्याला उमगत नाही. फल नसेल तर प्रवृत्ती कशी, आणि केवळ न करण्यातून दोष कसा, अशा त्याच्या दोन शंका असतात. या शंकांचा विचार करताना मला यज्ञशाळेपेक्षा यंत्रशाळा अधिक उपयोगी पडली आहे.

पावसाळ्यातील मुंबईत, किंवा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यातील कोणत्याही कारखान्यात, लेथवर काम करणारा टर्नर पाळी संपताना आपला मायक्रोमीटर मऊ सुती फडक्याने कोरडा करतो, त्यावर पातळ तेलाचा हात फिरवतो, त्याची दोन्ही मापनमुखे एकमेकांना भिडू न देता मध्ये किंचित फट राखतो आणि मगच तो पेटीत ठेवतो. मुखे मिटून ठेवली तर त्यांच्यामध्ये ओल कोंडून राहते, आणि थंडी-उष्म्याच्या फेऱ्यात धातूवर ताण येतो. या सर्व खटाटोपाने मायक्रोमीटर अधिक अचूक होतो काय? मुळीच नाही. काल तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत खरे सांगत होता, आज पुसल्यावरही तेवढेच खरे सांगेल. जमेच्या बाजूला एक पैही पडली नाही. न पुसण्याचा परिणाम मात्र तत्काळ नोंदला जातो. कारण गंज ज्या लोखंडातून बनतो त्याच्याहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे पृष्ठभाग एकीकडे खड्डे पडून खचतो आणि दुसरीकडे फुगून वर येतो, आणि शतांश मिलिमीटरची ग्वाही देणारे उपकरण तेव्हापासून खोटी साक्ष देऊ लागते. फलाची अपेक्षा नसताना केले जाणारे आणि चुकले असता दोष देणारे कर्म कसे असते, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

स्वीडनमधील एस्किलस्टुना येथील बंदुकांच्या सरकारी कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहानसन याने १८९६ मध्ये ज्या स्लिप गेजांची कल्पना मांडली, त्यांच्या बाबतीत तर हा नियम अधिकच कठोर होतो. पोलादाचे हे छोटे ठोकळे इतके सपाट घासलेले असतात की एकावर एक सरकवून दाबले असता ते परस्परांना चिकटून बसतात, आणि मोजक्या ठोकळ्यांच्या जुळणीतून हजारो मापे सिद्ध होतात. परंतु काम झाल्यावर ते विलग करावे लागतात, पुसावे लागतात, आणि त्यांवर व्हॅसलीनसारख्या स्निग्ध द्रव्याचा लेप द्यावा लागतो. जोडलेल्या स्थितीत ते फार काळ राहिले तर सुटेनासे होतात. विशेष असे की या ठोकळ्यांचा एक मोठा शत्रू त्यांना हाताळणाऱ्याच्या बोटांवरच असतो. घामातील क्षार पोलादाला लागले की काही दिवसांनी त्याच जागी बोटाचा ठसा तांबूस रंगाने उमटतो, आणि ज्यांच्या घामात हे क्षार अधिक असतात अशा कारागिरांच्या हाती उघडे पोलाद देणे कारखान्यातले जाणते लोक टाळतात. कारागीर संध्याकाळी जे पुसतो ते हवेतली ओल तर खरीच, पण त्याहून अधिक त्याचा स्वतःचा स्पर्श असतो. ज्या वस्तूवर त्याची उपजीविका आणि प्रेम आहे, तिच्यावरून आपली खूण रोज काढून टाकणे हाच तिच्या सेवेचा मुख्य भाग ठरतो. आसक्ती आणि सेवा यांतला भेद सांगताना आपण पुष्कळ शब्द वापरतो. तो येथे एका फडक्याच्या कामात आपोआप पाळला जातो.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी यंत्रे धुऊनपुसून लख्ख होतात, लेथच्या डोक्यावर झेंडूची माळ येते, हळदकुंकू वाहिले जाते. मला हा दिवस अत्यंत प्रिय आहे. पण ओले फूल सरफेस प्लेटवर रात्रभर राहिले तर त्याच्याखाली डाग धरतो, म्हणून समजदार मिस्त्री सायंकाळच्या आत निर्माल्य उचलून प्लेट पुसून घेतो. मीमांसकांच्या परिभाषेत बोलायचे तर ही पूजा नैमित्तिक आहे आणि ते पुसणे नित्य. नैमित्तिकाने नित्याची उणीव भरून निघत नाही, हा शास्त्राचा निर्णय येथे अक्षरशः खरा ठरतो.

आता दुसरी शंका. शंकराचार्यांनी मीमांसकांवर घेतलेला आक्षेप असा, की न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून प्रत्यवायासारखी भावरूप वस्तू जन्माला येऊच शकत नाही. गंजाचे रसायन पाहिले तर आचार्यांचा आक्षेप मान्य करावाच लागतो. गंज आळसातून जन्मत नाही. पाणी आणि प्राणवायू हे दोन्ही पोलादाभोवती पहिल्यापासून हजर असतात; पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्राही त्यांना पुरतो, आणि त्यात मीठ मिसळले की कार्य भराभर चालते. व्हर्नन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३५ च्या सुमारास दाखवले की दूषित हवेत सापेक्ष आर्द्रता शेकडा ६० च्या आसपास पोचली की गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो. आणि श्रावणातल्या मुंबईची सरासरी तर शेकडा ८० च्याही वर असते. यात पोलादाचा अपराध नाही आणि हवेचाही नाही. रेडीच्या किंवा गोव्याच्या खाणींत लोखंड ज्या तांबड्या रूपात सापडते तेच त्याचे सहज रूप होय. भट्टीच्या प्रखर अग्नीने ते आपण त्याच्यापासून हिरावून घेतले, आणि संधी मिळताच ते तिकडे परत निघते. तेलाचा लेप ही केवळ आडकाठी होती. ती काढल्याने नवे काही निर्माण झाले नाही. जे आधीच सिद्ध होते त्याला वाट मोकळी झाली. न करण्याचा दोष या अर्थानेच समजून घेतला पाहिजे, आणि तसा घेतला की त्यातला दंडाचा, हुकमी शासनाचा भाव गळून पडतो.

यावर कोणी म्हणेल की धातूच असा घडवावा ज्याला हे नित्यकर्म नको. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये क्रोमियममिश्रित पोलाद तयार केले, आणि आज पुष्कळ व्हर्नियर त्याच जातीच्या पोलादाचे असतात. पण त्या पोलादाची अक्षयता कशात आहे? त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा असतो, आणि ओरखडा पडला की तो पुन्हा धरतो. पुसण्याचे काम तेथे संपलेले नाही, ते धातूच्या अंगी उतरले आहे. शिवाय पाणी देऊन कठीण केलेल्या जातींना मिठाची बाधा होतेच, म्हणून असा व्हर्नियरही समुद्रकाठी पुसूनच ठेवावा लागतो.

कारणाच्या बाबतीत मी शंकराचार्यांच्या बाजूने उभा आहे; परंतु ज्ञान झाले की कर्माची आवश्यकता उरत नाही, या त्यांच्या सिद्धान्ताला यंत्रशाळेत आधार मिळत नाही, आणि तेथे मी मीमांसक कुमारिलभट्टांकडे वळतो. गंजण्याची प्रत्येक पायरी समीकरणांनी मांडून दाखवणाऱ्या रसायनतज्ज्ञाचा मायक्रोमीटरही, न पुसता ठेवल्यास, निरक्षर मदतनिसाच्या मायक्रोमीटरइतकाच गंजतो. आचार्यांचे ज्ञान आत्म्याचे होते, पदार्थांचे नव्हते, आणि ज्याने मोजण्याचे काम सोडून दिले त्याला पुसण्याचे बंधन नाही, हे त्यांच्या वतीने सांगणे न्याय्य आहे. पण उपकरण हाती घेणाऱ्याला तो अधिकार घेताच हे कर्मही पत्करावे लागते. चांगला मायक्रोमीटर बहुधा धन्याहून अधिक टिकतो, आणि निवृत्त होणारा टर्नर तो एखाद्या उमेदवाराच्या स्वाधीन करतो. तेव्हा त्याने उभ्या नोकरीत न चुकता केलेल्या पुसण्यातले काहीही शिल्लक म्हणून नव्या माणसाच्या खात्यावर वर्ग होत नाही, आणि त्याच दिवशी पाळी सुटताना फडके उमेदवाराला उचलावे लागते.