कपाटाची किल्ली

कलादालनांत हल्ली एक वाक्य हमखास भेटतं: नाजूक माध्यमातून प्रकटलेली चिवट जीवनेच्छा. कागद असो, धागा असो, राख असो, वाक्य तेच. मला ते खटकतं. कागद लवकर फाटतो, एवढ्यावर त्याला चिवटपणाचं श्रेय कसं द्यायचं?

चंद्रपूरकडच्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते कोळशाने थेट भिंतीवर खाणकामगार काढतात, तेव्हा गोष्ट वेगळी असते. ज्या कोळशावर गाव जगलं आणि ज्याने गाव पोखरलं, तोच हातात असतो.

पण माझं मन जातं ते अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीकडे. नवसाचं व्रत पाळून नाचणाऱ्यांच्या डोक्यावर बांबूच्या कामट्यांचे, मोरपिसांचे उंच टोप. कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. अंगावर पांढरे ठिपके. रात्रभराच्या नाचात ठिपके घामाने ओघळतात, पिसं गळतात. पुढच्या फाल्गुनात पुन्हा तयारी. यंदाच्या हातांनी यंदा घडवलेली ही कला समकालीनच आहे.

माझ्या परिचयाचे एक संग्राहक म्हणतात, असा एक टोप काचेत ठेवा, नाहीतर पुढे काही उरणार नाही. मी त्यांच्याशी नेहमी भांडतो. जपलेली वस्तू वेगळी, पुन्हा करता येणारी वस्तू वेगळी. मोरसुद्धा पावसाळा सरता सरता पिसारा गाळतो आणि नवा उगवतो. ती गळलेली पिसंच माणसाने वेचावीत, कायद्यालाही तेवढंच मान्य आहे. जपून ठेवणं मोराच्याही स्वभावात नाही.

इथवर माझं म्हणणं मला बिनतोड वाटत होतं. पण नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्रातली 33 गावं बाधित केली, ती सगळी काठीच्याच, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. मणिबेलीसारख्या नदीकाठच्या गावांतली कुटुंबं तळोद्याकडच्या सपाटीवरच्या वसाहतींत आली. पुन्हा करायला बांबू लागतो, तो तोडायला जंगल लागतं, आणि गाठ दाखवणारा म्हातारा शेजारी राहावा लागतो. हे सुटलं तर माझा 'पुन्हा करता येणं' हा शब्दप्रयोग पोकळ आहे. चिवटपणा पिसात नव्हताच. तो जंगलाच्या हक्कात आणि शेजारात होता.

तेव्हा संग्राहकांचं अर्धं मला पटतं. ठेवा एक टोप जपून, पण नंदुरबारातच. किल्ली टोप बांधणाऱ्यांकडे द्या, आणि होळीआधी कपाट उघडून पोरांना गाठी उलगडून पाहू द्या.