माळढोक रडत नाही

सोलापूरच्या एका चित्रकार तरुणीने माळढोक रंगवला. पक्षी थेट समोर रोखून बघतोय, दोन्ही डोळ्यांत पाणी दाटलेलं. प्रदर्शनाला धाडण्याआधी तिने चित्र मामांना दाखवलं. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ पायाखाली घातलेले जुने पक्षीनिरीक्षक.

"सुंदर आहे," ते म्हणाले, "पण हा माळढोक नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात."

"भाव दाखवायचा तर थोडी सूट घ्यावी लागते, मामा. नजरेला नजर भिडली की लोकांना पाझर फुटतो."

"अगं, त्या डोळ्यांपायीच तो मरतो! समोरचं त्याला नीट दिसत नाही. उडताना मान खाली घालून जमीन न्याहाळली, की पुढची तार दिसतच नाही. त्यात अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. जैसलमेरकडे विजेच्या तारांना धडकून मरतात ते यामुळे. तू त्याच्या मरणाचं कारणच पुसून टाकलंस."

"ते सांगायला माहितीफलक आहे की."

"आणि ज्याला आपल्यासारखा चेहरा नाही, त्याच्यावर माया करायला आधी त्याचा माणूस करायचा?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तिने वाटच बदलली. डेव्हिड शेफर्ड या इंग्रज चित्रकाराच्या 'टायगर फायर' या चित्रातून १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पासाठी लाखाहून अधिक पौंड उभे राहिले, त्याचं काय?

"वाघाला चेहरा आहे," मामा म्हणाले. "मन्सूरचं बघ. जहांगीराच्या दरबारातला चित्रकार. १६२५च्या सुमारास काढलेलं डोडोचं चित्र त्याचंच मानतात. डोडो त्याच शतकात संपला."

"पण डोडो कसा दिसायचा, हे त्या चित्रामुळेही कळतं ना?"

"कळतं, कारण त्याने डोडोला रडवलं नाही. एका बाजूने, होता तसा काढला."

"म्हणजे खरं चित्र पक्षी गेल्यावर कामाचं, आणि खोटं तो जिवंत असताना!"

मामांनी चष्मा पुसला. वाद तिथेच अडला.

नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं १९७९ मध्ये. आता तिथे तो क्वचितच दिसतो. देशभरात उरलेत ते दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला होता. २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली.