संजीवनीचा मोबदला

नगर

चि. सोनूस,


तुझं पत्र आणि सोबतची गोष्ट पोचली. ड्रॅगन-जादूगारांच्या कादंबऱ्यांवरून दादा ओरडतो आणि ‘इंग्रजी सुधारतं’ म्हणून तू सुटका करून घेतेस, ते आधी बंद कर. आवडतं म्हणून वाचते, असं सरळ सांग. आणि त्याला विचार, घरात नवनाथ भक्तिसाराचं पारायण कोण बसवतं? मालू कवीनं 1819 मध्ये पुऱ्या केलेल्या त्या 40 अध्यायांत काय कमी आहे! कानिफनाथ हत्तीच्या कानातून निघाले, आणि त्यांची समाधी तुमच्याच पाथर्डी तालुक्यात, मढीला.

दादा म्हणतो, असल्या कादंबऱ्या वाचणं ही पळवाट आहे. असेल. कादंबरीकार टॉल्किन 1916 मध्ये सोमच्या लढाईत होता. पुढं त्यानंच लिहिलं की कैद्याचं तुरुंगातून निसटणं आणि शिपायाचं रणातून पळणं, या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. तुमचा गर्भगिरी डोंगरच बघ. ज्या भागातून दसरा झाला की कोयते घेऊन बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ऊसतोडीला जातात, तिथल्या डोंगराला गोरक्षनाथांनी सोन्याचं केलं, ही गोष्ट तिथंच टिकली याचं मला नवल नाही. नवल पुढंच आहे. हे सगळं कशासाठी, तर मच्छिंद्रनाथांच्या झोळीतल्या एका सोन्याच्या विटेचा मोह सुटावा म्हणून. मोह शिष्याला नाही, गुरूला!

‘जादूत काहीही होऊ शकतं, म्हणून मजा,’ असं तू लिहितेस. मला नाही पटत. काहीही होऊ शकत असेल तर जीव टांगणीला लागेल कशाला?

कोपरगावच्या बेटावर संजीवनी विद्या जाणणाऱ्या असुरगुरू शुक्राचार्यांचं देऊळ आहे. (तिथल्या साखर कारखान्यानंही संजीवनी हेच नाव घेतलं होतं.) महाभारतातल्या आदिपर्वात त्यांच्या शिष्याची, कचाची गोष्ट आहे, ती नीट वाच. देवांकडून ही विद्या शिकायला आलेल्या कचाला असुर मारतात, शुक्राचार्य उठवतात. पुन्हा मारतात, पुन्हा उठवतात. तिसऱ्यांदा त्याची राख मद्यातून खुद्द गुरूच्याच पोटात जाते. आता शिष्य जगवायचा तर गुरूचं पोट फाटणार. शुक्राचार्यांच्या मुलीला, देवयानीला, दोघंही हवेत. म्हणून शुक्राचार्य पोटातल्या कचाला विद्या शिकवतात, तो पोट फाडून बाहेर येतो आणि त्याच विद्येनं गुरूला उठवतो. म्हणजे जी विद्या शत्रूपासून जपायची, ती देऊनच स्वतःचा जीव वाचला. पुढं देवयानी लग्नाचं विचारते. एकाच पोटातून आलो म्हणजे तू बहीण, असं म्हणून कच नकार देतो. तिचा शाप, तुला ही विद्या फळणार नाही. इतरांना शिकवता येईल, स्वतःला वापरता येणार नाही. एवढं सोसून हाती हे!

तुला या प्रकारात जे खेचतं ते जादूची ही किंमतच असावी, असा माझा कयास आहे. आवडलेली तीन पुस्तकं आठव आणि ताडून बघ.

तुझ्या गोष्टीतला बर्फातला किल्ला मात्र काढ. बर्फ तू पाहिलेला नाहीस, मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार पाहिला आहेस. भाषा चांगली आहे, संवाद लांबलेत, ते तुझं तुला कळेल. मला पुढच्या पत्रात एवढंच कळव: तुझ्या गोष्टीतल्या मुलीला उडता येतं, त्यापायी तिचं काय जातं?

तुझी,
आत्या